सर्वत्र अभिनंदन होत आहे

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार

परतूर तालुक्यावर आज जी आपत्ती कोसळली तिची नोंद इतिहास घेणार नाही, म्हणून मी घेतो. हरिओमने आपल्या हॉटेलातलं लाकडी बाकडं काढून टाकलं आणि त्या जागी सहा लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या.

बाकड्यावर माणसं खांद्याला खांदा लावून बसत. मधे बसलेल्याला दोन्हीकडचं ऐकू येई, आणि एकवीस वर्षं मधे मी बसत आलो. तहसीलदाराची बदली, जिनिंगमधला काटा, कोणाचं लग्न मोडलं, सगळं मला त्या बाकड्याने दिलं. खुर्ची माणसाला एकटं पाडते. एकट्या माणसाकडून बातमी मिळत नाही. हे मी हरिओमला पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडून समजावलं.

"भाऊ, ढेकनं झाल्ते त्याला," तो म्हणाला. शास्त्रार्थ संपला.

आठ दिवस नुसते पुराचे पंचनामे लिहून राहिलो आहे. शहागडला पाणी, इकडे सोयाबीन काळं, सगळ्या बातम्यांना एकच वास. त्यात कालच्या अंकात एक बातमी तेवढी सुगंधी. जालन्याच्या डेस्कने एक शब्दही कापला नाही. इथे उतरवून ठेवतो:

"येथील ज्येष्ठ पत्रकार देवानंद खरात यांची कन्या कु. भावना अमेरिकेतील टेक्सास येथे नामांकित कंपनीत संगणक अभियंता असून, नोकरी सांभाळून ती तेथे मराठवाडी चवीची खानावळ यशस्वीपणे चालवते. तिच्या या यशाबद्दल सर्वत्र अभिनंदन होत आहे."

सोबत फोटो. कमरेला एप्रन, हातात भाकरी, मागे मोठा तवा.

'ज्येष्ठ' हे विशेषण माझं मीच लावलं. दुसरं कोण लावणार? 'सर्वत्र' म्हणजे हरिओमचं हॉटेल, बुद्धविहार आणि आमचा ओटा. आणि भावना फोनवर जे बोलली ते असं होतं, की ओळखीच्या एका तेलुगू बाईची खानावळ आहे, तिथे भाकऱ्या करायला जाते, मदत म्हणून. आता 'मदत करते' याला कोणता संपादक दोन कॉलम देईल? अतिशयोक्ती हा अलंकार आहे, गुन्हा नाही.

माझ्या बायकोने, कौसल्येने, फोटो बराच वेळ पाहिला. "ह्यो फोटो तिनं मंगळवारी धाडल्ता. हापिसाच्या दिवशी ती तितं कशी काय?"

मी म्हणालो, तिकडे सुट्ट्या वेगळ्या असतात.

१ ऑक्टोबर, बुधवार

अमेरिकेचं सरकार बंद पडलं. तिथल्या दोन पक्षांचं खर्चावर जमलं नाही, तेव्हा पैसा मंजूर होईपर्यंत अत्यावश्यक सोडून बाकी दफ्तरांना टाळं. आमच्या पाठशाळेत याला अनध्याय म्हणत. आकाशात गडगडलं की त्या दिवशी पठण बंद. मला त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. आपल्याकडे दफ्तर बंदच असतं, पण तसं जाहीर करत नाहीत.

हॉटेलात यावर वाद पेटला. अंगद तौर, बियाण्याच्या कारखान्यातला सुपरवायझर, रोज रेल्वेने जालना एमआयडीसीला जातो. त्याच्या मोबाईलवर अमेरिकेतल्या धरपकडीचे व्हिडिओ. तोंड झाकलेली माणसं गाडीतून उतरतात, रस्त्यावरच्या एखाद्याला धरतात, हात मागे बांधून नेतात.

"बराबर करून राह्यले," अंगद म्हणाला. "बिगर कागदाचं मानूस दिसलं की उचला. देश हाय का धर्मशाळा?"

"अंगदराव," मी म्हणालो, "तुमच्या मावशीचं टपरीवजा दुकान गायरानावर आहे. कागद दाखवा बरं."

"ते येगळं."

"ते कसं वेगळं?"

"ती मावशी हाय."

सगळे हसले. हरिओमने विचारलं, "पन साहेब, आपल्या भावनाताईला तर काई न्हाई ना?"

माझ्याआधी अंगदच बोलला. "तिला काय व्हतंय? ती शंभर टक्के कायदेशीर हाय. कंपनीनं नेलेली पोरगी."

मी चहाचा घोट घेतला आणि मान डोलावली. खुर्चीत मान डोलावणं बाकड्यापेक्षा अधिक शोभतं, हे मान्य केलं पाहिजे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात सकाळी वंदना, मग आमचा उभयतांचा सत्कार. शाल, गुच्छ, बुद्धमूर्ती. माझा चुलतभाऊ राजानंद विहार समितीचा अध्यक्ष आहे. त्याने भावनाच्या एप्रनवाल्या फोटोचा फ्लेक्स केला आहे, कमानीएवढा. शिवाय बातमीचं कात्रण फेसबुकवर टाकून भावनाचं नाव जोडलं. खाली दोनशे लोकांचा जय भीम.

बोलायला उभा राहिलो तेव्हा बाप आठवला. चौथी शिकलेला हमाल. ज्या विद्येच्या दारातून आपल्याला हाकललं तीच शीक, म्हणून त्याने मला संस्कृत पाठशाळेच्या वैद्य गुरुजींच्या पुढ्यात नेऊन बसवलं होतं. मी शिकलो आणि तालुका वार्ताहर झालो. नात मात्र समुद्रापार गेली. हे सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या.

संध्याकाळी भावनाचा फोन. पूर्वी या वेळी ती ऑफिसला निघायच्या घाईत असे. आता निवांत बोलते. बढती मिळाल्याचं लक्षण असावं.

"पप्पा, ती बातमी काढता येईल का?"

"का गं?"

"असंच. आणि राजूकाकांना म्हणावं, माझं नाव काढा त्या पोस्टवरून. प्लीज."

"अगं, लोक खूश आहेत. इतका विनय बरा नाही."

ती म्हणाली, "सांगून बघा फक्त."

"बघतो," मी म्हणालो.

विनय ही विद्येने आलेली गोष्ट. पण छापून आलेला अंक परत घेता येत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

भावनाचा मेसेज: "पप्पा, बोललात का पेपरवाल्यांशी? इंटरनेटवर अजून दिसतेय."

"बोललो, बघतो म्हणाले," असं उत्तर पाठवलं.

इथे लिहायला हरकत नाही, मी कोणाशीही बोललो नाही. एकवीस वर्षांत मी चार हजार माणसांची अभिनंदनं छापली. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, कोणाचा भाचा तलाठी झाला तो. आपलं एक छापलं. आठ दिवसांनी विसरतील लोक. तोवर राहू दे.

११ ऑक्टोबर, शनिवार

काल फोनवर भावना सरकारबंदीबद्दल बोलत होती. म्हणाली, "पप्पा, गंमत बघा, परवान्याचा कागद देणारं लेबरचं ऑफिस बंद आहे, आणि उचलून नेणारे मात्र चालू. त्यांना सुट्टी नाही."

हसली. हसू जरा कोरडं वाटलं, पण लाइनही खराब होती.

वाक्य मात्र काय सुरेख! पेपरातल्या माझ्या आजच्या सदराला मथळाच तो दिला: "देणारं दफ्तर बंद, धरणारं चालू." खाली लिहिलं, 'अमेरिकेतील आमच्या विशेष सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार.' हॉटेलात अंगदने मोठ्याने वाचून दाखवलं आणि त्यालाही हसू आलं. त्याच्या मताविरुद्ध असून आलं, हे विशेष.

लिंक भावनाला पाठवली. तिने पाहिली. उत्तर नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

कौसल्या अंगणवाडी सेविका आहे. रोज तीस लेकरांची तोंडं पाहून कोण उपाशी आलं ते ओळखते. आज व्हिडिओ कॉल संपल्यावर ती म्हणाली, "भित बदलली."

"कसली भिंत?"

"तिच्या मागची. पयले पिवळी व्हती. आता निळी हाय, पोपडे आलेली. खोली सोडली तिनं. आन् तुमाला कसं दिसंना हो? लोकाच्या घरातलं समदं दिसतं."

मग तिने माझ्याच फोनवरून परत कॉल लावला, स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर. एकवीस वर्षं दोन्हीकडचं ऐकणारा माणूस. दारातून मला एक शब्द ऐकू आला नाही.

अर्ध्या तासाने बाहेर आली. डोळे कोरडे होते. तिने सांगितलं ते क्रमाने लिहितो.

२८ ऑगस्टला भावनाची नोकरी गेली. तिच्यासोबत चाळीस जणांची गेली. ती तिथे कंपनीच्या परवान्यावर आहे. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसऱ्या कंपनीने अर्ज भरायचा, नाहीतर देश सोडायचा. साठावा दिवस २७ ऑक्टोबर. दुसरी कंपनी मिळाली आहे. पण अर्जाला लेबर ऑफिसचा एक कागद जोडावा लागतो आणि ते ऑफिस १ तारखेपासून बंद आहे. दिवस मोजणं मात्र बंद नाही.

आणि दुसरं. नव्या कंपनीच्या वकिलाने तिचं नाव इंटरनेटवर शोधलं. राजानंदची पोस्ट निघाली. कात्रण यंत्राने भाषांतरित केलं. 'खानावळ यशस्वीपणे चालवते.' फोटोसकट. त्या परवान्यावर माणसाने कंपनीबाहेर कुठेही काम केलं तर परवानाच बुडतो. वकील विचारतो आहे, हे काय आहे?

"ती म्हन्ली," कौसल्या म्हणाली, "पप्पाला दोन डाव सांगितलं, काढा म्हनून."

 

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सातला राजानंदकडे गेलो. पोस्ट काढायला लावली. फ्लेक्सही.

"अरे, पन पोरीचं नाव झालंय, दाद्या! खाली काहून उतरवायचा? कोनाची नजर लागली का?"

"हो," मी म्हणालो, "माझी."

संपादकांना फोन केला. ते चांगले आहेत. इंटरनेटवरून बातमी पाच मिनिटांत गेली. पाच मिनिटं लागतात हे मला २ तारखेला विचारता आलं असतं.

वकिलाला लेखी हवं आहे. खुलासा छापून आणि प्रतिज्ञापत्र इंग्रजीत. प्रतिज्ञापत्रात लिहायचं की बातमी बापाने कौतुकापोटी फुगवली, मुलगी त्या खानावळीत कधीही काम करत नव्हती, फोटो सहज गेली असताना काढलेला आहे.

सही करण्याआधी भावनाला फोन लावला. विचारलं, "बेटा, तू तिथे काम करत होतीस का? पगारावर?"

तिच्या मागे कुठेतरी भांडी आपटल्याचा आवाज येत होता.

"पप्पा, तुम्ही फक्त लिहा ना."

तहसीलसमोरच्या नोटरीने कागद वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "खरात साहेब, खोटी बातमी दिली म्हणून शपथेवर कबूल करणारा पत्रकार पहिल्यांदा पाहून राह्यलो. फोटो काढू का तुमचा?"

मीही हसलो. सवयीने. मग सही केली. तेहेतीस शब्दांची ती बातमी मी थाप म्हणून लिहिली होती, ती बरीचशी खरी निघाली. आणि आयुष्यात पहिल्यांदा शपथेवर लिहिलं, ते खोटं.

२० ऑक्टोबर, सोमवार

खुलासा आज छापून आला. पान सहा, तळाला, निविदांच्या शेजारी. गावात दिवाळी. एकानेही वाचला नसावा. अभिनंदन सर्वत्र होतं, खुलासा कुठेच होत नाही.

हॉटेलात अंगदने नवा व्हिडिओ दाखवला. एक बाई पार्किंगमध्ये किंचाळत होती, दोघांनी तिला धरलेलं. अंगद म्हणाला, "कागद आसतील तर सोडतेन की."

मला मावशीवरून काही सुचलं होतं. बोललो नाही. "खरात साहेब, आज तब्येत बरी न्हाई का?" हरिओमने विचारलं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

साठावा दिवस. ऑफिस बंद.

संध्याकाळी फोन केला. नव्या कंपनीला प्रतिज्ञापत्र पोचलं, पण कागदाशिवाय अर्ज भरता आला नाही, थांबायला ते तयार नाहीत. मी म्हणालो, "ये बाळा घरी. तिकीट काढ आणि ये. इथे काही कमी नाही आपल्याला."

"कशी येऊ?"

"म्हणजे?"

"तुम्ही शाल घेतलीत, पप्पा. विहारात उभं राहून भाषण केलंत. आजोबांचं नाव घेतलंत. राजूकाकांनी व्हिडिओ पाठवला मला. मी चार वेळा बघितला." ती रागावलेली नव्हती. राग असता तर बरं झालं असतं. "आता महिन्याभरात परत आले तर लोक आजोबांना काय म्हणतील?"

"लोकांचं सोड. लोक आठ दिवसांत विसरतात."

"तुम्ही विसरू देत नाही ना पण. तेच तर काम आहे तुमचं."

कौसल्येने फोन माझ्या हातून घेतला. "भावने, म्या काई शाल-बिल मानीत न्हाई. तू ये." तिकडून काय उत्तर आलं ते तिने मला सांगितलं नाही.

१ नोव्हेंबर, शनिवार

सरकार अजून बंदच, पण लेबर ऑफिसातली ती परवान्यांची खिडकी काल उघडली. बातमी इंग्रजी पेपरात आतल्या पानावर होती. चार दिवस उशीर.

भावनाला लिंक पाठवली नाही. तिला कळलंच असेल.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमा. विहारात गेलो, मागे बसलो.

त्या तेलुगू बाईच्या खानावळीत परवा माणसं आली होती. तोंडं झाकलेली. भांडी घासणाऱ्याला आणि एका आचाऱ्याला नेलं. भावनाने हे कौसल्येला सांगितलं, मला नाही. मला मेसेज होता: "सगळं बराबर आहे."

रात्रीच्या जेवणाआधी व्हिडिओवर दोन मिनिटं दिसली.

"तू तिथे नव्हतीस ना?" मी विचारलं.

"मी कशाला असेन? मी तर महिना झाला जातच नाही तिकडे."

केस सारायला तिने हात वर केला. मनगटाच्या आतल्या बाजूला आडवा, लाल, ताजा चटका. तव्याच्या काठाचा. कौसल्येच्या हातावर असे बारा आहेत. आम्ही दोघांनीही पाहिला. दोघांनीही विचारलं नाही.

फोन ठेवल्यावर मी कौसल्येला म्हणालो, "माझ्या बातमीमुळे तर नसतील आले?"

"परतूरचा पेपर कोन वाचतंय तितं?"

"वकिलाने वाचला."

ती कणीक मळत राहिली.

८ नोव्हेंबर, शनिवार

डेस्कचा निरोप: अमेरिकेवरच्या सदराला वाचक आहेत, 'विशेष सूत्रांकडून' आणखी येऊ द्या. धरपकडीचा अनुभव कोणाचा असेल तर उत्तम, नाव बदलून देता येईल.

अर्धं पान लिहिलं. चांगलं उतरत होतं. खानावळ, दुपारची वेळ, दार ढकलून आत आलेली माणसं, कणकेचे हात वर केलेला आचारी. मी तिथे नव्हतो, पण ते मला स्पष्ट दिसत होतं. पान संपलं तेव्हा लक्षात आलं की आचाऱ्याच्या शेजारी मी तिलाही उभी केली होती.

फाडलं. डेस्कला कळवलं, सूत्र बंद झालं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अमेरिकेचं सरकार सकाळी उघडलं. त्रेचाळीस दिवस. हॉटेलात अंगद म्हणाला, "चला, सुटला तिढा. आता भावनाताईचं बी सगळं बराबर व्हईल. पेढे कवा?"

"होईल," मी म्हणालो.

हरिओमने माझ्यापुढे चहा ठेवला आणि आज पैसे घेतले नाहीत. का, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याला काय कळलंय आणि कोणाकडून, ते मला माहीत नाही.

शेवटचा फोन शनिवारी झाला. त्यानंतर दोन मेसेज, दोन्ही "बराबर आहे." कौसल्येलाही तेच. आज दुपारी, जुन्या पत्त्यावर तिच्यासोबत राहणाऱ्या मुलीचा नंबर शोधून तिला मेसेज केला. उत्तर आलं, भावना सप्टेंबरातच तिथून गेली, नवा पत्ता तिच्याकडे नाही, तिला वाटलं होतं, आम्हाला घरी माहीत असेल.

तालुक्यात कोणाच्या घरी काय शिजतं ते मला माहीत असतं, असं लोक म्हणतात.

तिला परत पाठवतील याची मला भीती वाटत नाही. पाठवलं तर ती घरी येईल. मला भीती वाटते ती वेगळी. तिला धरलं, आणि एक फोन करायची परवानगी मिळाली, तर तो ती मला करणार नाही. मला काही सांगितलं की त्याची बातमी होते, हे ती माझ्याकडूनच शिकली आहे. आज ती कुठे आहे ते मला माहीत नाही. विचारलं तर ती सांगेल, पण ते खरं असेलच असं नाही.